कॉननचे इतके ‘पहिले अंक’ का आहेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांच्या पश्चात त्यांची कॉमिक्सची ट्रंक तुमच्याकडे आली. त्यात बहुतेक सगळा कॉनन, म्हणजे काल्पनिक प्राचीन जगातला तो रानटी तलवारबहाद्दर, आहे. क्रमांक १ असं छापलेले तीन अंक निघाले: एकावर १५ सेंट किंमत, एकावर डार्क हॉर्स या प्रकाशनाचं घोड्याचं चिन्ह, आणि एक गुळगुळीत कागदाचा, २०१९चा. क्रमांक २२ उघडला तर आत पुन्हा क्रमांक १चीच गोष्ट. मोठ्या आकाराच्या काळ्या-पांढऱ्या मासिकांचा गठ्ठा आणखी वेगळा. हत्तीचं डोकं असलेल्या कैद्याची गोष्ट तीन ठिकाणी, तीन वेगळ्या हातांनी काढलेली. यात अस्सल काय, नक्कल काय, वाचायला कुठून घ्यायचं, आणि कधी विकायची वेळ आलीच तर कशाची फोडाफोड करायची नाही, हे तुम्हाला हवं आहे.

मी बरीच वर्षं जुन्या कॉमिक्सच्या संग्रहांच्या याद्या लावून देण्याचं काम करते. संग्रहात कॉनन निघाला की हा गोंधळ ठरलेला. तुमच्या वर्णनावरून त्यात बनावट काही असेल असं मला वाटत नाही. तिन्ही पहिले अंक आपापल्या जागी खरे आहेत, आणि क्रमांक २२सुद्धा.

गोंधळ होतो तो एका गृहीतकामुळे. एक नायक, एक कंपनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत एक मालिका, असं आपण धरून चालतो. सुपरमॅनच्या किंवा स्पायडरमॅनच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. कॉनन मात्र कुठल्याच कॉमिक्स कंपनीच्या मालकीचा कधी नव्हता. तो परवान्यावर छापला गेला, आणि परवाना बदलला की त्याचं बिऱ्हाड हललं. नव्या घरी गेल्यावर अंकांची मोजणी पुन्हा एकपासून. त्यामुळे कॉननच्या प्रत्येक अंकाकडे बघताना मी तीन तारखा वेगळ्या ठेवते: मूळ कथा कधी लिहिली गेली, हे कॉमिक कधी छापलं गेलं, आणि या गोष्टीत कॉननचं वय काय. या तीन तारखा एकमेकींत मिसळल्या की यादी बिघडलीच म्हणून समजा.

पहिली तारीख सगळ्यात जुनी. रॉबर्ट ई. हॉवर्ड हा टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स नावाच्या छोट्या गावात राहणारा लेखक. ‘वीअर्ड टेल्स’ या स्वस्त कागदावरच्या कथामासिकात डिसेंबर १९३२मध्ये त्याची पहिली कॉननकथा आली, ‘द फीनिक्स ऑन द सोर्ड’. खरं तर ती त्याने आधी कल नावाच्या दुसऱ्या राजासाठी लिहिली होती. ती विकली गेली नाही, म्हणून नायक बदलून, जादूची बाजू वाढवून त्याने ती नव्याने लिहिली. या पहिल्याच कथेत कॉनन मध्यमवयीन राजा आहे. मार्च १९३३मध्ये आलेल्या ‘द टॉवर ऑफ द एलिफंट’मध्ये तो जेमतेम मिसरूड फुटलेला चोर आहे. हॉवर्डने क्रम कधी पाळलाच नाही. पी. स्कायलर मिलर आणि जॉन क्लार्क या दोन वाचकांनी १९३६मध्ये कॉननच्या आयुष्याचा आराखडा करून त्याला पाठवला, तेव्हा त्याने आपुलकीने उत्तर लिहिलं. साहसी माणूस आपल्या आयुष्यातल्या गोष्टी आठवतील तशा सांगतो, क्रमाने सांगत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ११ जून १९३६ला, वयाच्या तिसाव्या वर्षी हॉवर्डने आयुष्य संपवलं. पुढे कॉमिक्सवाल्यांनी जो क्रम लावला त्याचा पाया हा वाचकांचा आराखडा आहे. हे लक्षात ठेवा, कारण ‘कॉननचा खरा क्रम कुठला’ या वादाचं मूळ इथे आहे.

पुढची तीसेक वर्षं मी भरभर ओलांडते. १९५०च्या दशकात नोम प्रेसने कथांची बांधीव पुस्तकं काढली. मेक्सिकोत त्याच दशकात कॉननचं एक कॉमिकही निघालं, त्यात त्याचे केस चक्क सोनेरी होते. पण लोकांच्या घराघरात तो पोचला १९६६पासून, लान्सर या प्रकाशकाच्या पेपरबॅकमधून. संपादन एल. स्प्रेग द कॅम्प यांचं, आणि मुखपृष्ठं फ्रँक फ्राझेटाची. दाट केस, अंगावर जखमांच्या खुणा, पायाशी प्रेतांचा ढीग: आज आपल्या डोळ्यांपुढे जो कॉनन येतो तो या मुखपृष्ठांवरून आलेला आहे. हॉवर्डच्या हयातीत त्याला हे रूप नव्हतं.

आता तुमचा १५ सेंटवाला अंक.

मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीकडे वाचकांची पत्रं येत होती की तलवार आणि जादूटोण्याच्या गोष्टींचं कॉमिक काढा. तिथला तरुण लेखक-संपादक रॉय थॉमस याने प्रकाशक मार्टिन गुडमन यांच्याकडून प्रत्येक अंकामागे १५० डॉलर परवाना शुल्क मंजूर करून घेतलं. पहिली विचारणा कॉननसाठी नव्हतीच, लिन कार्टरच्या थाँगर या नायकासाठी होती. कार्टरचा एजंट जास्त पैशांच्या आशेने वेळ काढत राहिला. तेवढ्यात थॉमसच्या हाती लान्सरचं एक कॉननचं पुस्तक पडलं. त्यात हॉवर्डच्या वारसांचं काम पाहणाऱ्या ग्लेन लॉर्डचं नाव होतं. थॉमसने त्याला थेट पत्र लिहिलं आणि मंजुरीपेक्षा पन्नास डॉलर जास्त, म्हणजे २०० डॉलर देऊ केले. वरचे पन्नास कुठून तरी भरून काढायचे होते. म्हणून जॉन बुसेमासारखा महागडा चित्रकार परवडेना, आणि काम गेलं बॅरी स्मिथकडे. तो इंग्लंडमधला, एकवीस वर्षांचा, दर कमी असलेला मुलगा. दोघांनी आधी ‘चेंबर ऑफ डार्कनेस’च्या चौथ्या अंकात स्टार द स्लेअर नावाची एक छोटी गोष्ट केली होती. तिला कॉननची तालीम म्हणायला हरकत नाही.

‘कॉनन द बार्बेरियन’ क्रमांक १वर महिना आहे ऑक्टोबर १९७०. (विक्रीला तो त्याआधीच, उन्हाळ्यात आला. त्या काळी मुखपृष्ठावर दोन-तीन महिने पुढची तारीख छापत, म्हणजे दुकानदार अंक लवकर परत करत नसे. यादी करताना मुखपृष्ठावरची तारीखच लिहा, सगळीकडे तोच संकेत आहे.) पहिल्या सात अंकांत विक्री उतरत गेली. थॉमस सांगतो की मार्व्हलचे मुख्य संपादक स्टॅन ली यांनी मालिका बंद करायचं ठरवलंही होतं आणि त्याने हट्टाने ती वाचवली. आठव्या अंकापासून आकडे वर चढले, आणि मग ती चालली थेट क्रमांक २७५पर्यंत, डिसेंबर १९९३पर्यंत.

स्मिथचे अंक साधारण पहिले चोवीस. मध्ये १७ आणि १८ गिल केनने काढले. स्मिथचं काम अंकागणिक अधिकाधिक बारीक होत गेलं आणि तितकंच सावकाशही. त्यामुळे जानेवारी १९७३चा क्रमांक २२ वेळेवर तयारच झाला नाही. मुखपृष्ठ नवं आणि आत क्रमांक १चं पुनर्मुद्रण, अशी वेळ निभावून नेली गेली. तुमच्या कोड्याचं उत्तर एवढंच आहे. अंक अस्सल आहे. फक्त सुटा विकायला गेलात तर त्याला भाव नाही, आणि संचातून काढलात तर संच अपुरा होतो. २३व्या अंकात रेड सोन्या पहिल्यांदा येते. हॉवर्डच्या १९३४च्या ‘द शॅडो ऑफ द व्हल्चर’ या ऐतिहासिक कथेत, १५२९च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात, पिस्तूल आणि तलवार चालवणारी एक लाल केसांची लढवय्यी आहे. थॉमसने तिला उचलून कॉननच्या जगात आणून बसवलं. २४व्या अंकातली ‘द साँग ऑफ रेड सोन्या’ ही या मालिकेतली स्मिथची शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते त्या दशकातल्या सगळ्यात देखण्या कॉमिक्सपैकी एक. पुढे सोन्याचे हक्क आणि प्रकाशन कॉननपासून वेगळं झालं. २००५पासून ती डायनामाइट या कंपनीकडे आहे. ट्रंकेत तिच्या स्वतंत्र मालिका असतील तर वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा.

२५व्या अंकापासून जॉन बुसेमा आला, म्हणजे सुरुवातीला न परवडलेला तोच. स्मिथचा कॉनन सडपातळ, मांजराच्या चालीचा. बुसेमाचा रुंद, जड, खांद्यात ताकद असलेला. माझी पिढी बुसेमाच्या कॉननवर वाढली. पण कुठल्या वयाच्या कॉननला कुठलं अंग शोभतं याचा विचार केला तर दोघांचीही जागा बरोबर आहे. थॉमसने मासिकाचं एक वर्ष म्हणजे साधारण कॉननच्या आयुष्यातलं एक वर्ष असा हिशोब ठेवला होता. त्याचं सगळ्यात मोठं धाडस बेलितच्या बाबतीत दिसतं. हॉवर्डच्या १९३४च्या ‘क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट’ या एकाच कथेत कॉननला समुद्री चाच्यांची राणी बेलित भेटते, दोघं एकत्र लुटालूट करतात, आणि ती मरते. कथेत मधला काळ काही ओळींत निघून जातो. थॉमसने त्या ओळींच्या पोटात शिरून ५८व्या अंकात (जानेवारी १९७६) तिला आणलं आणि शंभराव्या अंकात (जुलै १९७९) मृत्यूपर्यंत नेलं. महिन्याला एक अंक या चालीने वाचक साडेतीन वर्षं तिच्यासोबत राहिले होते. तिचा मृत्यू हॉवर्डने आधीच लिहून ठेवलेला आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनाही तो शंभरावा अंक जड गेला असणार. तुमच्याकडे ५८ ते १०० सलग असतील तर मामांनी ते मुद्दाम मिळवलेले आहेत. ते फोडू नका.

काळ्या-पांढऱ्या गठ्ठ्याबद्दल. ‘द सॅव्हेज सोर्ड ऑफ कॉनन’ ऑगस्ट १९७४ला सुरू झालं आणि जुलै १९९५ला २३५ अंकांवर थांबलं. रंग नाही, आकार मोठा, किंमत सुरुवातीलाच एक डॉलर. हे स्वस्तातलं काम असेल असं पाहणाऱ्याला वाटतं. वस्तुस्थिती उलट आहे. अमेरिकेत १९५४पासून कॉमिक्स कोड नावाची नियमावली होती. रंगीत अंकांच्या मुखपृष्ठावर वरच्या कोपऱ्यात तिचा छोटा शिक्का असतो, तुमच्या अंकांवर बघा. मोठ्या आकाराची मासिकं त्या कोडच्या कक्षेबाहेर होती. म्हणून हॉवर्डच्या मूळ कथा, त्यातल्या रक्तासकट आणि भीतीसकट, पूर्ण लांबीने सांगायची जागा म्हणजे ही मासिकं. बुसेमाच्या पेन्सिलवर फिलिपिन्सच्या अल्फ्रेडो अल्कालाने शाई चढवलेली पानं हाताशी उजेडात धरून बघा. दगडी भिंत, घोड्याची आयाळ, चिलखताच्या कड्या, सगळं बारीक रेघांनी विणलेलं. जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांसारखा पोत येतो. ही पानं कधीच रंगांसाठी काढलेली नव्हती.

तुम्ही विचारलेली हत्तीच्या डोक्याची गोष्ट म्हणजेच ‘द टॉवर ऑफ द एलिफंट’. तीन तारखांचा मुद्दा तिच्यावरून नीट कळेल. कथा १९३३ची. कॉननचं वय तिन्हीकडे तेच, कोवळं. कॉमिक मात्र तीन: मार्व्हलच्या रंगीत मालिकेचा क्रमांक ४ (एप्रिल १९७१, स्मिथ), ‘सॅव्हेज सोर्ड’ क्रमांक २४ (१९७७, बुसेमा आणि अल्काला), आणि डार्क हॉर्सच्या ‘कॉनन’चे २० ते २२ (२००५, केरी नॉर्ड). गोष्ट अशी की चोर कॉनन एका जादूगाराच्या मनोऱ्यात रत्न चोरायला चढतो. वर खोलीत त्याला हिरव्या अंगाची, हत्तीच्या डोक्याची मूर्ती बसलेली दिसते. त्याला वाटतं, हा इथला देव. मग ती मूर्ती हलते. डोळे फोडलेले, हातपाय छळाने मोडलेले, आणि त्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. दुसऱ्या ग्रहावरून आलेला हा जीव त्या जादूगाराचा कैदी आहे. कॉननची भीती ओसरते आणि तिथे कीव येते. रानटी म्हणवल्या जाणाऱ्या मुलाला साऱ्या माणसांच्या वतीने लाज वाटते. आपल्याकडचा वाचक त्या चित्रापाशी थबकतोच, गजमुख म्हटल्यावर आपल्या मनात जे उभं राहतं ते हॉवर्डच्या मनात असायचं कारण नव्हतं. पण देव समजून घाबरलेला मुलगा त्याच्या दुःखापुढे वाकतो, हे आपल्याला दुप्पट लागतं.

तिन्हींतलं ‘अस्सल’ कोणतं? तिन्ही. आधी कोणतं वाचाल असं विचारलंत तर मी स्मिथचं हाती देईन. त्यातला कॉनन खरोखर पोरगेला दिसतो, म्हणून त्याची कीव पटते. बुसेमाच्या आवृत्तीत मनोऱ्याचा अंधार आणि बागेतले सिंह जास्त जमलेत. नॉर्डला तीन अंकांची ऐसपैस जागा मिळाली आहे आणि तो चेहऱ्यांवर रेंगाळतो.

एक खरा भारतीय धागाही या गठ्ठ्यात असू शकतो. ‘सॅव्हेज सोर्ड’चे १६ ते १९ अंक शोधा, १९७६-७७चे. त्यात हॉवर्डच्या १९३४च्या ‘द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’चं रूपांतर आहे. हॉवर्डने आपल्या काल्पनिक प्राचीन जगात हिंदुस्थानच्या जागी वेंध्य नावाचं राज्य ठेवलं, राजधानीचं नाव अयोध्या. सुरुवातीलाच दमट रात्र, देवळातल्या घंटा, शंखांचा नाद, आणि राजा भुंडा चंद मरणपंथाला. दूरचे मांत्रिक त्याचा आत्मा ओढून नेत आहेत. देहातून सुटका व्हावी म्हणून तो बहिणीला, देवी यास्मिनाला, खंजीर चालवायला सांगतो. ती चालवते, आणि मग सूड घ्यायला निघते. नावांची सरमिसळ आपल्याला खटकेल, वायव्य सरहद्दीच्या ब्रिटिश साहसकथांचा वासही येईल. तरीही यास्मिना कॉननइतक्याच ताकदीची आहे आणि शेवटी ती आपल्या राज्याकडे परत जाते, त्याच्या मागे जात नाही. मी कॉननची ओळख करून देताना मराठी वाचकांना हे चार अंक आवर्जून दाखवते. हीच गोष्ट डार्क हॉर्सनेही २०१३-१४मध्ये चार अंकांत केली, पण मला अल्कालाची शाई असलेली जवळची.

थॉमसने १९८०मध्ये मार्व्हल सोडलं. १९८२च्या चित्रपटाने कॉनन जगभर गेला, ‘किंग कॉनन’ नावाची तिसरी मालिका १९८०पासून १९८९पर्यंत चालली, पण मूळ मालिकेत पूर्वीचा जीव राहिला नाही. थॉमस १९९१च्या सुमारास परत आला तेव्हा फार उशीर झाला होता. त्या मधल्या काळातले अंक मी ‘वाचायचे असतील तर चाळा’ या खान्यात टाकते.

दुसरं बिऱ्हाड डार्क हॉर्स. २००३ अखेर २५ सेंट किमतीचा क्रमांक ०, लेखक कर्ट ब्युसिएक, आणि त्याला आयझनर हा कॉमिक्ससाठीचा मानाचा पुरस्कारही मिळाला. मग २००४पासून क्रमांक १. तुमचा घोड्याच्या चिन्हाचा अंक तो हाच असावा, पण नुसतं ‘कॉनन’ लिहिलंय की ‘कॉनन द बार्बेरियन’ ते पाहा. डार्क हॉर्सने पन्नास अंकांनंतर मालिकेचं नाव बदलत नेलं: कॉनन द सिमेरियन, रोड ऑफ किंग्ज, २०१२ला कॉनन द बार्बेरियन, मग अव्हेंजर, मग स्लेअर. प्रत्येक वेळी पुन्हा क्रमांक १. नॉर्डच्या पेन्सिलवर शाई न चढवताच डेव्ह स्ट्युअर्टने रंग दिले, त्यामुळे पानांना जलरंगासारखी खरखर आहे. याच कंपनीने मार्व्हलचे जुने अंक नव्याने रंगवून ‘क्रॉनिकल्स ऑफ कॉनन’च्या ३४ खंडांत छापले. ते वाचायला सोयीचे आहेत, जुन्या अंकांची जागा मात्र घेत नाहीत. रंग वेगळे आहेत आणि वाचकांच्या पत्रांची पानं गेली आहेत.

जानेवारी २०१९ला परवाना परत मार्व्हलकडे गेला. जेसन आरन आणि महमूद अस्रार यांचा तो गुळगुळीत क्रमांक १. मार्व्हलने जुन्या २७५ अंकांना हे जोडून दुहेरी मोजणी ठेवली, म्हणून त्या मालिकेचा २५वा अंक म्हणजे तीनशेवा. मधली डार्क हॉर्सची सगळी वर्षं या मोजणीत धरलेलीच नाहीत. कॉननला अव्हेंजर्स या मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या टोळीसोबतही लढवलं गेलं. आवडणाऱ्यांनी जरूर वाचावं, मला त्या कथेत हॉवर्डचं जग सापडत नाही. आणि २०२३पासून चौथं घर: टायटन कॉमिक्स, लेखक जिम झब, चित्रकार रोबेर्तो दे ला तोरे. दे ला तोरेच्या रेघेत बुसेमाच्या काळाचा आदर उघड दिसतो.

एका दमात सांगायचं तर: १९७० ते सुमारे २००० मार्व्हल, २००३ ते २०१८ डार्क हॉर्स, २०१९ ते २०२२ पुन्हा मार्व्हल, २०२३पासून टायटन. फ्रान्समध्ये ग्लेना प्रकाशनाने २०१८पासून स्वतंत्र कॉनन काढला, कारण युरोपात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी लेखनाचे हक्क संपतात. आपल्याकडे ही मुदत ६० वर्षांची आहे, म्हणजे हॉवर्डच्या हयातीत छापलेल्या कथा इथेही मोकळ्या आहेत. त्याचा अर्थ मार्व्हलची चित्रं मोकळी आहेत असा नाही, आणि नावाचा व्यापारी हक्क हे प्रकरणही वेगळं. मामांचे अंक स्कॅन करून कुठे चढवण्याचा विचार असेल तर म्हणून सांगितलं.

आता कामाचं. मुखपृष्ठावर विसंबू नका. अंक उघडा आणि पहिल्या पानाच्या तळाशी, नव्या अंकांत आतल्या कव्हरवर किंवा शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांचा परिच्छेद असतो. त्यात मालिकेचं अधिकृत नाव, क्रमांक, महिना, वर्ष आणि प्रकाशक दिलेला असतो. मी यादी करते ती फक्त यावरून. आधी प्रकाशकानुसार ढीग, मग मालिकेच्या नावानुसार, मग क्रमांक. किंमत सेंटऐवजी पेन्समध्ये छापलेले १९७०च्या दशकातले अंक निघाले तर दचकू नका, ते ब्रिटनमधल्या विक्रीसाठी अमेरिकेतच छापलेले आहेत. १९७४-७५च्या अंकांत वाचकांच्या पत्रांच्या पानावर कापून घ्यायचा एक छोटा चौकोनी ‘व्हॅल्यू स्टँप’ असायचा. पोरांनी तो कात्रीने कापलेला असतो आणि बाहेरून अंक कोरा दिसतो. म्हणून त्या दोन वर्षांचे अंक पान अन् पान उलटून बघितल्याशिवाय मी ‘पूर्ण’ असं लिहीत नाही.

वाचायचा क्रम तुम्हाला काय हवंय त्यावर ठरेल. कॉननचं आयुष्य क्रमाने हवं असेल तर मार्व्हलचे १ ते २४, मग ५८ ते १००. हॉवर्ड हवा असेल तर ‘सॅव्हेज सोर्ड’मधली मूळ कथांची रूपांतरं, कुठूनही. आजच्या पद्धतीचं कथन आवडत असेल तर डार्क हॉर्सचे पहिले पन्नास. पण पहिला अंक म्हणून क्रमांक १ हातात घेऊ नका, तो अजून स्वतःला शोधतोय. क्रमांक ४ घ्या.

भाव अंकाच्या स्थितीवर आणि गिऱ्हाइकावर अवलंबून असतो, त्यामुळे आकडा इथे देत नाही. मोलाचे अंक म्हणजे १९७०चा क्रमांक १ आणि क्रमांक २३. पहिले चोवीस सलग असतील तर संच म्हणूनच ठेवा, २२सकट. गठ्ठ्याने उचलतो म्हणणाऱ्याला हे चोवीस दाखवूही नका.

आणि ट्रंकेतून ते आजच बाहेर काढा. लोखंडी पेटीत पावसाळ्याची दमट हवा कोंडते, पिना गंजतात आणि मधली पानं सुटतात. गंजलेली पिन उपसू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नाही, रबरबँडही नको. डांबरगोळ्या कागदाला टेकवून ठेवू नका. एकेका अंकामागे कडक पुठ्ठा, वर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी, आणि भिंतीपासून दूर, उभे. ओल आलेले अंक उन्हात न टाकता पंख्याखाली सावलीत वाळवा. एवढं झालं की तिन्ही क्रमांक १च्या त्या बारीक अक्षरांच्या परिच्छेदाचे आणि २३व्या अंकाच्या पिनांच्या बाजूचे फोटो काढून इथे टाका, कुठली प्रत कोणत्या मालिकेची ते मी नक्की करून देते.